सायलेन्सर बदलल्यापासून २३०० आरपीएमला केबिन घुमते. बाकीचा आवाज न मारता हे घालवता येईल का?

झेडवाली

नमस्कार मंडळी. गाडी निसान ३७० झेड, ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. मूळचा मागचा सायलेन्सर काढून दोन बाजूंना दोन आरपार मफलर बसवून घेतले आहेत. मधला भागही बदललाय. दोन्ही पाईप अडीच इंची, मध्ये एक्स जोड, म्हणजे दोन्ही पाईप 'एक्स'सारखे एकमेकांना मिळतात. मफलरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे मफलर लावलेल्यांकडून मी हेच ऐकलंय, त्यामुळे दोष एका डब्याचा नसावा.

आधी चांगलं सांगते. ४००० च्या वर हे इंजिन आता जसं बोलतं, ते ऐकायला मिळावं म्हणूनच मी ही गाडी घेतली होती. स्वर एकसलग चढत जातो, मध्ये कुठे फाटत नाही, आणि पाय उचलला की लगेच शांत होतो. तो आवाज मला हवाच आहे.

त्रास वेगळाच आहे. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन २३०० च्या आसपास फिरतं, आणि नेमकं तिथेच केबिन घुमायला लागते. २१०० ला सुरुवात, २३०० ला कळस, २५०० च्या पुढे ओसरतं. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी सतत हुंकार द्यावा, तसा आवाज. कानठळ्या बसत नाहीत, पण कानावर आतून दाब येतो. शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं, समजून घ्यायला मात्र जोर लावावा लागतो. लांबच्या रस्त्याला तर आपण याच वेगाने जातो, म्हणजे सगळा प्रवास त्या घुमण्यातच.

लांबच्या प्रवासाला आई माझ्याबरोबर असते. ती श्रवणयंत्र वापरते. एरवी गोंगाट झाला की यंत्र काढून ठेवते आणि तिला बरं वाटतं. इथे यंत्र काढूनही काही फरक पडला नाही. म्हणाली, "कानात नाही गं, छातीत घुमतंय." तेव्हापासून हा प्रश्न सुटल्याशिवाय मला चैन नाही.

गॅरेजमध्ये फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजला. जुन्या सायलेन्सरपेक्षा जेमतेम दोन-तीन डेसिबल जास्त. "एवढा फरक काहीच नाही, स्पोर्ट्स कार म्हटल्यावर चालायचंच," असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाही. दोन-तीन डेसिबलने माणूस एवढा दमत नाही.

डिकीत डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी जाड चादर) लावून हे जाईल का? की मूळचा सायलेन्सर परत बसवणं एवढाच मार्ग आहे? वरचा आवाज ठेवून फक्त हे घुमणं काढलेलं कुणी पाहिलंय का?

रबरबुश

शीट मी लावली आहे, दोन सीटच्याच गाडीत. डिकीचा तळ आणि मागच्या चाकांच्या कमानी, दोन्हीकडे. पत्र्याची थरथर गेली, टायरचा आवाज बराच कमी झाला, दार लावताना भरीव वाटतं. घुमणं होतं तिथेच राहिलं. शीट वाईट नाही, पण ती या दुखण्यावरचा उपाय नव्हे.

एक मात्र आधी बघून घ्या. नवीन मफलरचं वजन आणि तोल मूळच्यासारखा नसतो, पाईप टांगणारे रबर हँगर मात्र जुनेच असतात. पाईप गरम झाला की लांबतो आणि कुठेतरी टेकतो, मग सगळी थरथर थेट बॉडीत जाते. गाडी चांगली तापल्यावर टोक आणि बंपर यांच्या फटीत जाड पुठ्ठा सरकवून बघा, सगळीकडून मोकळा फिरला पाहिजे. खाली पाईपवर किंवा उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर घासून चकाकलेला डाग दिसला, तर तिथे टेकतंय असं समजा.

टॅकवेल्ड

ताई, "चालायचंच" हे उत्तर चुकीचं आहे आणि तुमची शंका बरोबर आहे. एक्झॉस्टचे पाईप वाकवण्यात आणि जोडण्यातच माझं आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या अ‍ॅपचं. अशी बहुतेक अ‍ॅप 'ए' वेटिंगने मोजतात. त्या मापात खालचे स्वर मुद्दाम कमी धरलेले असतात. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा होतात, १२५ हर्ट्झला सुमारे १६. तुमचा त्रास बरोबर याच पट्ट्यातला आहे, म्हणून आकडा हलत नाही आणि डोकं मात्र दुखतं. सेटिंगमध्ये 'सी' वेटिंग निवडा, तिथे १०० हर्ट्झला जवळजवळ काहीच वजा होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या स्वरात किती आवाज आहे याचा आलेख, दाखवणारं अ‍ॅप घ्या. आवाज किती आहे यापेक्षा कोणत्या स्वरात आहे, हे आपल्याला हवंय.

तो स्वर कुठून येतो? फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. सहा सिलिंडर म्हणजे एका फेरीत तीन ठिणग्या. २३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३८.३ फेऱ्या, गुणिले ३, म्हणजे ११५ हर्ट्झ. स्पेक्ट्रममध्ये ११५ च्या आसपास एकच उंच सुळका दिसला, तर निदान पक्कं.

आता मूळच्या सायलेन्सरमध्ये हे का होत नव्हतं? त्याच्या पोटात कप्पे असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातो, मागे परततो, स्वतःलाच काही प्रमाणात मारतो. खालच्या स्वरांवर हीच पद्धत चालते. तुमच्या आरपार मफलरमध्ये भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीसारखं भरण आहे. हे भरण वरचे, तीक्ष्ण स्वर छान खातं, म्हणून तुमचा ४००० चा आवाज कर्कश न होता गोड लागतो. पण गरम वायूत ११५ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४ मीटर भरते. हातभर डब्यातलं बोटभर जाडीचं भरण तिला अडवू शकत नाही. ती तशीच बाहेर पडते, गाडीखालून मागच्या पत्र्यावर आणि काचेवर आदळते आणि आत येते.

शीट का चालत नाही तेही यातच आलं. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर आवाज अडवण्यात साधारण ६ डेसिबलची भर पडते, आणि स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढेच ६ डेसिबल हातचे जातात. तोच पत्रा ११५० हर्ट्झचा आवाज जेवढा अडवतो, त्याहून ११५ हर्ट्झला हिशोबाने सुमारे २० डेसिबल कमी अडवतो. तेवढी भरपाई वजनाने करायची, तर गाडीची स्पोर्ट्स कार उरणार नाही.

तिसरी भागीदार केबिन. बंद जागेला तिच्या लांबीप्रमाणे स्वतःचा स्वर असतो. २ मीटर लांबीला सुमारे ८६ हर्ट्झ, दीड मीटरला सुमारे ११४. तुमच्या गाडीत डिकी आणि केबिन यांच्यात भिंतच नाही, मागची काच थेट डोक्यामागे उतरते. इंजिनाचा ठोका, पाईपची लांबी आणि केबिन, तिघांचं एका आकड्यावर जमलं की असं घुमतं. यातलं एक मोडलं तरी पुरतं.

पण पाईप कापण्याआधी या चाचण्या करा आणि इथे लिहा:

ताशी १०० ला क्लच दाबून इंजिन आयडलला येऊ द्या. वेग तोच असताना घुमणं थांबलं, तर टायर, बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट सगळे सुटले. मग चौथ्या गिअरमध्ये २३०० ला या, वेग साठच्या आसपास असेल. तिथेही घुमलं तर गुन्हेगार इंजिनाच्याच बाजूचा.

शेजारी बसलेल्याने घुमणं सुरू असताना पुढे झुकून बघावं. पहिल्या स्वरात केबिनच्या मधोमध आवाज सर्वांत कमी असतो आणि दोन्ही टोकांना जास्त. झुकल्यावर फरक पडला तर केबिनचा वाटा आहे.

तिसरी चाचणी टाळू नका, कारण ती आवाजापुरती नाही. थंड इंजिनावर शेपटीच्या नळीत ब्लोअरने हवा सोडा, दुसरी नळी चिंधीने बंद करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर गळती. डिकीच्या तळाचे रबरी बूच जागेवर आहेत ना, मागच्या बंपरआड हवा बाहेर टाकणाऱ्या झडपा मिटतात ना, तेही पाहा. याच वाटांनी आवाज येतो आणि याच वाटांनी कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. त्याला वास नसतो. आईंना घेऊन प्रवास करता, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

झेडवाली

दादा, एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. सगळ्या चाचण्या केल्या.

क्लच दाबला की घुमणं तत्काळ बंद. चौथ्यात २३०० ला आणलं की पुन्हा हजर, वेग साठच असताना. पाचव्यात ताशी १०० ला इंजिन २९०० ला जातं आणि केबिन शांत, म्हणजे वेगाचा काहीच संबंध नाही. चढावर सहाव्यातच पाय जास्त दिला की मात्र ते फारच वाढतं.

स्पेक्ट्रममध्ये ११५ ला सुळका, अगदी तुम्ही म्हणालात तसा. २३० ला एक बारीकसा. बाकी सगळं त्याच्या खूप खाली. फोन आईच्या हातात होता. तिला पुढे झुकायला सांगितलं तर म्हणाली, "इथे बरंच कमी आहे." पुन्हा मागे टेकली की पुन्हा तेच. तिचं बोलणं आणि फोनवरची रेघ दोन्ही एकदम वर-खाली होत होते. काच दोन बोटं उघडली तरी फरक पडतो, पण मग वाऱ्याचा आवाज.

उजव्या बाजूच्या फ्लँजवर, म्हणजे पाईपच्या बोल्ट लावलेल्या जोडावर, बुडबुडे आले, शेजारी काजळीची बारीक रेघही होती. गॅस्केट बदललं. त्याने पाय सोडताना येणारी फरफर गेली, घुमणं गेलं नाही. डिकीतले बूच सगळे जागेवर आहेत. रबरबुश, पुठ्ठा चारी बाजूंनी मोकळा फिरला.

आठनळकांडी

माझ्याकडे सातव्या पिढीची कॉर्व्हेट आहे, तिथे हे दुखणं दुहेरी. हलक्या पायावर इंजिन आठातले चार सिलिंडर बंद करतं. १५०० आरपीएमला आठ चालू असताना १०० हर्ट्झ, चार झाले की ५०. एका स्वरावर इलाज केला की दुसरा उरतो. मूळच्या एक्झॉस्टमध्ये त्यासाठीच झडपा असतात. चार सिलिंडरवर असताना त्या मिटतात, जोर दिला की उघडतात. झडपा नसलेले मफलर लावले आणि तो खालचा स्वर थेट पाठीला भिडायला लागला. झेडवालीताईंना एकच स्वर मारायचा आहे, ही मला फार चांगली बातमी वाटते. झडपेचे मफलर हाही मार्ग आहे, पण मग मफलरच नवे घ्यावे लागतील.

टॅकवेल्ड

निदान झालं. चढावर वाढतं तेही बरोबर आहे, पाय जास्त दिला की प्रत्येक ठोक्याचा दाब वाढतो. स्वर तोच, ताकद जास्त.

आता इलाज. मुख्य पाईपला एक बाजूची नळी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. वायू तिच्यातून वाहत नाही, आवाज मात्र आत जातो, बंद टोकावर आपटतो आणि परत येतो. नळीची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी ठेवली, तर जाऊन-येऊन अर्धी लहर होते. म्हणजे परत आलेला दाब मुख्य पाईपमधल्या दाबाच्या नेमका उलटा. तेवढा एक स्वर तिथेच मरतो. वायूची वाट अडत नाही, म्हणून ताकद जात नाही, आणि ४००० च्या आवाजाला धक्काही लागत नाही. तुम्हाला हवं ते हेच.

लांबी काढताना बहुतेक जण फसतात ते तापमानात. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, १५० अंशांना सुमारे ४१२, ३०० अंशांना सुमारे ४८०. वेगाला स्वराच्या चौपटीने भागायचं, इथे ४६० ने. थंड हवेच्या हिशोबाने नळी ७५ सेंटिमीटर येते, ३०० अंशांच्या हिशोबाने १०४. मुख्य पाईप तापलेला असतो खरा, पण बाजूच्या नळीतला वायू जागचा हलत नाही, त्यामुळे तो बराच थंड असतो. खरी लांबी या दोन आकड्यांच्या मध्ये, ९० च्या आसपास निघते. म्हणून पहिल्यांदा १ मीटरच ठेवा. टोकाचं झाकण वेल्ड करू नका, सरकणारी टोपी आणि क्लॅम्प लावा. गाडी चांगली तापवून रस्त्यावर घ्या, स्पेक्ट्रम बघा, थोडी कापा, पुन्हा बघा. स्वर हाती लागला की मग टोपी पक्की करा. कापलेलं जोडणं त्रासाचं असतं, म्हणून लांबीकडूनच सुरुवात.

जागेलाही लांबीएवढंच महत्त्व. नळी जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथेच काम करते. शेपटीच्या उघड्या टोकाला दाब शून्याजवळ असतो, तिथे जोडलेली नळी नुसतं वजन. टोकापासून पाव लहर आत, म्हणजे साधारण १ मीटरवर, दाब चढलेला असतो. २ मीटरवर तो पुन्हा पडतो. तुमच्या गाडीत याचा अर्थ मफलरच्या जरा आधी. मी असं काम मफलरच्या मागे, उरलेल्या जागेत केलेलं पुष्कळ पाहिलंय. नळी सुबक, लांबी बरोबर, आणि गुण शून्य.

दोन पाईप आहेत, तर दोन नळ्या लागतील, प्रत्येकाला एक. एक्स जोडामुळे दोन्हींत ११५ चा स्वर आहे. व्यास मुख्य पाईपएवढाच, अडीच इंची. बारीक नळीने स्वर मरतो, पण फार अरुंद पट्ट्यात, आणि आरपीएम जरा हललं की घुमणं परत. खाली जागा कमी आहे म्हणून नळी इंग्रजी 'जे' सारखी वळवून मुख्य पाईपला समांतर नेता येते. वळणाने बिघडत नाही, लांबी मधल्या रेषेवरून मोजा. बंद टोक जोडापेक्षा किंचित वर राहू द्या. एक्झॉस्टमध्ये पाणी धरतं, ते उतरून मुख्य पाईपमध्ये गेलं पाहिजे, नाहीतर नळी आतून गंजते आणि साठलेल्या पाण्याने लांबीही बदलते. बंद टोकाला स्वतंत्र रबर हँगर द्या. मीटरभर नळी एकाच वेल्डवर लोंबत ठेवली तर वेल्ड तडकणारच.

झेडवाली

काम झालं. नळ्या मफलरच्या आधी जोडल्या, मागे वळवून बॉडीला समांतर नेल्या, टोकाला सरकत्या टोप्या. १ मीटरला सुळका जागेवरच होता, खड्डा मात्र २१०० च्या आसपास पडलेला, म्हणजे नळी लांब. कापत कापत आलो. ९१ सेंटिमीटरला ११५ चा सुळका इतका बसला की आधीची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय तो कुठे होता ते कळत नाही. 'सी' वेटिंगवरही आकडा स्पष्ट खाली आलाय.

सहाव्यात ताशी १०० ला आता टायर आणि वारा ऐकू येतो. आई शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोलते आणि मला सगळं समजतं. ४००० चा आवाज मी मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकला. होता तसाच आहे.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. सकाळी इंजिन थंड असताना पहिली काही मिनिटं थोडं घुमतं. आणि २६५० च्या आसपास एक हलकी गुणगुण आहे, जी आधी जाणवत नव्हती. हे तसंच सोडायचं का?

टॅकवेल्ड

थंड असतानाचं सोडून द्या. वायू गार असला की आवाजाचा वेग कमी, त्यामुळे नळी खालच्या स्वराला लागते. तापली की जागेवर येते.

२६५० ची गुणगुण म्हणजे नळीने एक स्वर काढल्यावर दोन्ही बाजूंना राहणारे उंचवटे असतात, त्यांपैकी वरचा. तो त्रास देत असेल तर दोन्ही नळ्या सारख्या ठेवू नका. एक ९१ लाच असू द्या, दुसरी ८५ करून बघा. पट्टा रुंद होईल, २३०० चा खड्डा थोडा उथळ होईल. एक्स जोड असल्यामुळे हे चालतं, दोन्ही पाईप एकमेकांशी बोलत असतात. डाव्या नळीची टोपी आधी ६ सेंटिमीटर आत सरकवून बघा, त्यासाठी ग्राइंडर लागणार नाही. बरं वाटलं तरच कापा.

आठनळकांडी

दादा, माझ्या ५० हर्ट्झसाठी हिशोब केला तर नळी २ मीटरच्या वर जातेय. खाली तेवढी जागाच नाही.

टॅकवेल्ड

तुम्हाला नळी नको, डबा लागेल. आखूड मानेचा बंद डबा बाजूला जोडायचा. त्यात स्वर लांबीवर नाही, मानेची रुंदी, मानेची लांबी आणि डब्याचं पोट यांवर ठरतो, त्यामुळे खालचा स्वर कमी जागेत मारता येतो. गाडीखालच्या मोकळ्या जागेची मापं आणि पाईपचा व्यास टाका, बसून हिशोब करू.